आधी सांगा, मग भूल द्या

माझ्या नातीचे पाय मी धरले होते. चांगले घट्ट धरले होते. हे हात चाळीस वर्षं बोटीवर दोरखंड ओढत होते. शेवटची काही वर्षं मी सारंग होतो, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. पावणेसहा वर्षांच्या पोरीचे पाय धरायला अशा हातांना कितीशी ताकद लागणार?

मुलगाही माझ्यासारखाच बोटीवर असतो. सून आमच्या विजयदुर्गाजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. त्या दिवशी शाळेत तपासणी होती, तिला रजा मिळेना, आणि इकडे पोरीची दाढ ठणकत होती. मी म्हटलं, मी नेतो. बाजारपेठेच्या गावातल्या एका दाताच्या डॉक्टरांकडे नेली. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. बाहेर रांग लागलेली. पोर तोंड उघडेना. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "धरा जरा."

कंपाउंडरने हात धरले, मी पाय. ती ओरडली, मग आणखी ओरडली, आणि मग एकदम गप्प झाली. मला वाटलं, शांत झाली. दाढ अर्धी तुटली, उरलेली कोरून काढली. सगळं मिळून पाच मिनिटं. संध्याकाळी धक्क्यावर बसलेल्या मंडळींना मी छाती काढून सांगितलं, "पाच मिनटांत दात काढून आणलंय. आमच्या घरातला चेडू आसा ता!"

दुसऱ्या दिवशी शाळेत सोडायला तिला सँडल घालायला वाकलो, तर तिने पाय मागे घेतले. रोज मीच पट्टे लावायचो. ती भिंतीला टेकली, पाय पोटाशी घेतले आणि माझ्याकडे बघत राहिली. मी वादळात बोट हेलकावताना बघितली आहे, पण त्या दोन लहान पायांनी मला जसं हलवलं तसं कशानेच नाही.

त्यानंतर ती ब्रशसुद्धा लावू देईना. झोपेत तिचा तळहात तोंडावर असायचा. सुनेने सगळं विचारून घेतलं. माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मामांनू, तुमी तिका धरलास?" मी मान खाली घातली. ती आत निघून गेली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

चार-पाच महिन्यांनी पोरीचा गाल सुजला. गावातल्या डॉक्टरांनी सूज उतरायचं औषध दिलं आणि सांगितलं, सावंतवाडीला फक्त लहान मुलांचेच दात बघणाऱ्या एक डॉक्टर बाई आहेत, त्यांना दाखवा. सूज उतरल्यावर सुनेने गाडी काढली. गाडी चालवायला ती लग्नानंतर शिकली, मुलगा बोटीवर असताना, मला न विचारता. तेव्हा मला ते आवडलं नव्हतं. गाडीत बसताना मी मागचं दार उघडलं, तशी ती म्हणाली, "येवा. पण ह्या खेपेक मी सांगतंय तसाच करूचा."

"होय," मी म्हटलं.

विजयदुर्गाहून सावंतवाडी जवळ नाही. कणकवली, कुडाळ करत पोचेपर्यंत पोर एक अक्षर बोलली नाही. दवाखान्यात ती आईच्या ओढणीत तोंड लपवून उभी राहिली. डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्या सुनेच्याच वयाच्या. त्या खुर्चीकडे गेल्याच नाहीत. खाली चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, "खंयसून इलंस गो?"

पोरीने तोंड ओढणीत आणखी खुपसलं.

"बरा. बोला नको. मी पण पयल्या दिवशी कोणाशी बोलणंय नाय."

मग त्यांनी आम्हाला विचारलं, आधी काही झालंय का? सुनेला सांगता आलं असतं, पण ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मीच म्हटलं, "मी पाय धरले होते, डॉक्टर. जोरात."

मला वाटलं आता चार शब्द ऐकावे लागणार. त्यांनी फक्त मान हलवली. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. बरेच लोक सांगत नाहीत. मग मूल का घाबरतं ते शोधण्यातच माझे दोन-तीन दिवस जातात."

त्या दिवशी उपचार काहीच झाला नाही. डॉक्टरांनी पोरीच्या हातात लहान आरसा दिला. तिनेच तो तोंडात धरला आणि डॉक्टरांनी लांबून बॅटरीच्या उजेडात बघितलं. सहा दात किडलेले. त्यातल्या दोन दातांच्या मुळाशी पू. दुधाचे असले तरी बरीच वर्षं टिकायला हवेत, आणि पू तसाच राहिला तर खालून येणाऱ्या दातांनाही त्रास, असं त्या म्हणाल्या.

"एवढं सगळं ती जागेपणी, नुसतं हिरडी बधिर करून, सहन करेल?" सुनेने विचारलं.

"आज तरी नाही. पण धीर देऊन, सावकाश सवय करूनही बरीच मुलं तयार होतात. तेवढ्यावर भागलं नाही तर नाकावरून गॅस देता येतो. प्राणवायूत मिसळलेला असतो. मूल झोपत नाही, बोलतं, ऐकतं, फक्त भीतीची धार बोथट होते. मास्क काढला की थोड्याच वेळात उतरतो. त्याच्या पुढे तोंडाने घ्यायचं गुंगीचं औषध आहे, पण त्यात श्वासावर नीट लक्ष ठेवावं लागतं, ते प्रत्येक मुलाला देता येत नाही. आणि शेवटी पूर्ण भूल. ती इस्पितळातच, भूलतज्ज्ञ समोर असतानाच." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पकडून करणं मात्र माझ्याकडे होत नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं नव्हतं, तरी मी खिडकीबाहेर बघू लागलो.

गॅसपासून सुरुवात करायचं ठरलं. निघताना डॉक्टरांनी नाकावरचा एक रिकामा मास्क पोरीला घरी नेऊन खेळायला दिला. "हा कोणाच्या नाकावर बसतो बघ. आणि हात वर केला की थांबायचं. हा माझा नियम आहे. तूही पाळ."

घरी आल्यावर पेशंट मिळाला तो मी. पडवीतल्या बाकड्यावर मला आडवं केलं, नाकावर मास्क बसवला, हातात चमचा घेतला. "आजोबा, तोंड उघडा. दुखला तर हात वर करा. मी थांबतंय."

मी हात वर केला. ती थांबली. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा हात वर केला. पुन्हा थांबली. सहा-सात वेळा असं झाल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, सारखो सारखो हात वर करू नकात! माझा काम कधी होतला?"

स्वयंपाकघरातून सुनेचं हसू ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी. रोज शाळेतून आली की माझी तपासणी व्हायची. आठवड्याभरात माझ्या तोंडातल्या प्रत्येक दाताला तिने नंबर दिला. मागची एक दाढ खरंच किडकी निघाली, तीही तिनेच शोधली. एका सकाळी तिने सँडल आणून माझ्यासमोर टाकल्या आणि पाय पुढे केले. मी वाकलो. पट्टे लावले.

दुसऱ्या खेपेला ती खुर्चीवर स्वतः चढली. मास्कही लावून घेतला. पण आमची पोर सर्दी नसतानाही तोंडानेच श्वास घेते. डॉक्टर सांगत होत्या, "नाकाने घे, फुलाचा वास घेतेस तसा," आणि ती दोनदा नाकाने घ्यायची, तिसऱ्यांदा तोंड उघडायची. गॅस पोचेचना. डॉक्टरांनी आरसा गालाशी नेला, तसे तिचे डोळे मोठे झाले आणि हात वर गेला.

डॉक्टर थांबल्या. त्याच क्षणी. आरसा ट्रेमध्ये ठेवला, मास्क काढला, खुर्ची सरळ केली.

मला वाटलं, फुकट गेली फेरी. इतक्या लांबून आलो आणि एक दातही झाला नाही. पण गाडीत बसल्यावर पोर पुढच्या दोन सीटांच्या मधून तोंड काढून आईला म्हणाली, "आये, डॉक्टर खरीच थांबली गो! मी हात वर केलंय आणि ती थांबली!" कुडाळ येईपर्यंत तिने हे तीनदा सांगितलं. तिच्यासाठी त्या दिवशी सगळ्यात मोठी गोष्ट हीच घडली होती.

त्या भेटीत डॉक्टरांनी निघताना विचारलं होतं, "घोरते का ही?"

"थोडी," सून म्हणाली.

"थोडी नाही," मी म्हटलं. माझी खाट तिच्या खोलीच्या दाराशी असते. बोटीवर इंजिनाचा सूर जरा बदलला तरी झोपेतून जाग यायची, ती सवय अजून गेलेली नाही. "घोरता घोरता मध्येच बंद होते. मी मोजतो. मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास घेते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. किती वेळ थांबते, रोज का, कुशीवर असतानाही का. मग म्हणाल्या, "आजोबा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवू. पण अशा मुलीला गुंगीचं औषध देऊन दवाखान्यात काम करायला मी तयार नाही." घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी मोठ्या आहेत, त्या पुढे बघू, दातांसाठी भूल द्यायची तर इस्पितळातच, श्वासाची नळी घालून.

ते ऐकून मी घाबरलो. तोवर गॅस, मास्क हे मला खेळासारखं वाटत होतं. पूर्ण भूल म्हणजे पोर डोळे मिटणार, आणि तिचा श्वास दुसऱ्या कोणाच्या हातात. माझे थोरले बंधू घरी आले आणि ओसरीवरूनच सुरू झाले, "दुधाच्या दातांक भूल? येडे झालास काय रे? आमच्या टायमाक दोरो बांधलो, ओढलो, संपला. ते दात पडतलेच मां!"

वर्षभरापूर्वी मी हेच बोललो असतो. अगदी ह्याच शब्दांत.

"दादा," मी म्हटलं, "दोरो बांधून ओढूचो तो हलतो दात. हिच्या दातात पू आसा. आणि ओढताना कोणीतरी धरूचा लागता. मी एकदा धरलंय. परत नाय."

दादा चहा न घेता गेले. सून दारात उभी होती. संध्याकाळी तिने एक वही माझ्यापुढे ठेवली. शाळेची, चौकटीची. तिने त्यात भूलतज्ज्ञांना विचारायचे प्रश्न लिहिले होते. भूल कोण देणार? काम संपेपर्यंत ते तिथेच असणार का? लहान मुलांना नेहमी देतात का? घोरण्याचं त्यांना आधी कळवलं आहे का? शुद्धीवर येताना आई जवळ असू शकते का? खाली जागा सोडली होती. म्हणाली, "तुमका काय विचारूचा आसल्यास लिवा."

मी लिहिलं: तिला कोणी धरणार का?

भुलीचा दिवस ठरवण्याआधी झालेल्या भेटीत भूलतज्ज्ञांनी वहीतला एकेक प्रश्न ऐकून घेतला. सून खुर्चीत ताठ बसून, पेन हातात घेऊन विचारत होती आणि उत्तर समजलं नाही तर "पुन्हा सांगा" म्हणत होती. भूल म्हटली की थोडा धोका असतोच, तो शून्य नसतो, हेही त्यांनी लपवलं नाही. मी बोटीवर बरेच कप्तान पाहिले. ज्याला वेळ देऊन प्रश्न विचारता येतात तो माणूस घाबरट नसतो, एवढं मला कळतं. माझ्या घरात असं माणूस आहे आणि मी इतकी वर्षं त्याला गाडी चालवल्याबद्दल नावं ठेवत होतो.

भूल द्यायच्या आदल्या दिवशी आम्ही सावंतवाडीला माझ्या बहिणीकडे उतरलो. इस्पितळ तिथून जवळ, गोव्याच्या वाटेवर. संध्याकाळी मी पोरीला तळ्याकाठी फिरायला नेलं. कठड्यावर बसून ती पाय हलवत होती. एकदम म्हणाली, "आजोबा, फाल्या थंय तुमी माका धरशात?"

उद्या तिथे तुम्ही मला धराल का? इतके दिवस मास्क लावून माझे दात मोजणाऱ्या पोरीच्या मनात हे होतंच.

"नाय गो बाय. कोणच धरूचो नाय."

"मगे तेव्हा कशाक धरलास?"

ह्याला माझ्याकडे बरीच उत्तरं होती. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. तुझं दुखत होतं म्हणून. रांग होती म्हणून. त्यातलं एकही मी दिलं नाही. "माझा चुकला," मी म्हटलं. "तू नको म्हणत हुतंस, मी आयकाक होया हुता. माझा चुकला, बाय."

आयुष्यात मी वरिष्ठांची माफी मागितली आहे. लहान मुलाची कधीच नाही. ती म्हणाली, "बरा," आणि भेळ मागितली.

सकाळी उपाशीपोटी न्यायचं होतं. पाणीसुद्धा ठरलेल्या वेळेपर्यंतच. बहिणीच्या घरात घावन्यांचा वास सुटला होता आणि पोर म्हणत होती, "माका एकच." सुनेने समजावलं, पोटात काही असलं तर भुलीत ते श्वासात जाऊ शकतं. मग ती मला म्हणाली, "तुमी पण खाव नकात." नाही खाल्लं.

इस्पितळात तिला हिरवा झगा घातला. तेच भूलतज्ज्ञ आले, उंच, कानाशी केस पिकलेले. ते तिच्यापुढे वाकून काही बोलणार, तेवढ्यात तीच बोलली. आमची पोर घरात, अंगणात, सगळीकडे मालवणीच बोलते. पण त्या दिवशी तिने शाळेतलं शुद्ध मराठी काढलं, एकेक शब्द मोजून, बहुतेक मनातल्या मनात घोकलेलं:

"मला भीती वाटते. आधी सांगा, मग करा. आणि मला धरायचं नाही."

तिथे दोन परिचारिका होत्या, दातांच्या डॉक्टर होत्या, मी होतो, तिची आई होती. कुठल्या बंदरात, कुठल्या माणसापुढे मला कधी असं बोलता आलं होतं? चाळीस वर्षांत मी एकदाही "मला भीती वाटते" म्हटलं नव्हतं. आणि ही सव्वासहा वर्षांची, उपाशी, उघड्या पायांनी फरशीवर उभी राहून, आपल्या दुप्पट उंचीच्या माणसाला आपल्या अटी सांगत होती.

"ठरलं," भूलतज्ज्ञ म्हणाले. "मास्क तूच धर. मी फक्त नळी जोडतो. दंडावर पट्टा लागेल, तो थोडा आवळेल. बोटाला चिमटा लागेल, तो दुखत नाही. हातात सुई तू झोपल्यावर. आई तू झोपेपर्यंत तिथेच. आणखी काही?"

तिने विचार केला. "वास कसलो येतलो?" घाईत मालवणी परत आली.

"थोडा वेगळा. नाही आवडला तर सांग."

ती आईचा हात धरून आत चालत गेली. मागे वळून बघितलं नाही. सून पाच-सात मिनिटांनी बाहेर आली, डोळे पुसत होती आणि हसतही होती. म्हणाली, "मास्क स्वतः धरल्यान. 'वास घाण आसा' म्हणाली, आणि झोपली."

दोन तास आम्ही बाकावर बसलो. सून वही उघडून पुन्हा पुन्हा तीच पानं बघत होती. मी दारावरच्या काचेकडे. मधे दातांच्या डॉक्टर येऊन सांगून गेल्या, ठीक चाललंय. दोन दात काढले, बाकीचे भरले, दाढांना टोप्या बसवल्या. सगळं एकाच खेपेत.

शुद्धीवर येताना ती हसत वगैरे उठली नाही. रडली, हात झटकले, आईलाही ओळखेना, एकदा उलटी झाली. मी घाबरलो, तर परिचारिका म्हणाली, काही मुलं अशी उठतात, अर्ध्या तासात उतरेल. तसंच झालं. नंतर ती पहिलं वाक्य बोलली ते म्हणजे, "माका घावने होये." मिळाली साधी मऊ पेज, तीही कुरकुर करत खाल्ली.

संध्याकाळी मुलाचा बोटीवरून फोन आला. कशी झाली, विचारू लागला. मी सांगायला लागलो आणि मला आवरेना. तिने काय म्हटलं, कसं म्हटलं, कोणाला म्हटलं. सुनेने कोणते प्रश्न विचारले. तो म्हणाला, "बाबा, तुमी रडतास काय?" मी म्हटलं, रेंज नाय, आणि फोन सुनेकडे दिला.

त्याला आता सात-आठ महिने झाले. ती दर तीन महिन्यांनी दात दाखवायला जाते. परवा मुलगा सुट्टीवर आला होता, तो गाडी चालवत होता, सून शेजारी. नव्याने आलेल्या एका दाढेत लहानसा खड्डा निघाला. गॅस नाही, औषध नाही, डॉक्टरांनी हिरडीला बधिर करायचा मलम लावला, सुई कशी लागेल ते आधी सांगितलं आणि दाढ भरली. नात बापाला आत घेऊन गेली होती, सगळं दाखवायला. तो बाहेर येऊन मला म्हणाला, "तिनं मधीच थांबवल्यान त्यांका! आणि त्या थांबल्यो!"

"मगे?" मी म्हटलं. "थांबतल्योच."

मी आत गेलो नव्हतो. माझी गरजच पडली नव्हती. बाहेरच्या बाकावर बसून मी शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत होतो, आत जी आहे ना, ती माझी नात.